रैयोलीचा गोळा शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांसाठी (लांब आहे, वाचवत नसेल तर पुढे जा)

दांडियाबाजारकर
काल इथे एकाने फोटो टाकला. बालासिनोरजवळ डायनासोरची हाडं-अंडी मिळतात त्या रैयोली गावाच्या अलीकडे शेताच्या बांधावर मिळालेला नारळाएवढा गोळा, शेजारी हाडासारखा तुकडा, दोन्ही घरच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या डाव्या हाताला. खाली मजकूर: "डायनासोरचं अंडं! सरकारला पडलेली नाही, माझ्याकडे तरी सुरक्षित आहे. जागा हवी असेल तर मेसेज करा." त्यावर बदामांचा पाऊस. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हे.

आपल्या गुजरातेतलं ढोली डुंगरी आठवा. १९८४ मध्ये भूवैज्ञानिक मोहबे साहेबांना तिथे अंड्यांच्या घरट्यात बारीक हाडं मिळाली. वाटलं, पिल्लाची असतील. पुढे लक्षात आलं की त्यात एक साप आहे, साडेतीन मीटरचा, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० मध्ये त्या सापाचं नाव ठेवलं, सनाजे इंडिकस. आता मोहबेंच्या आधी कुणी हौशी तिथे पोचला असता आणि "काय मस्त गोल आहे" म्हणून तेवढं अंडं पिशवीत टाकलं असतं तर? साप गेला, पिल्लू गेलं, घरटं गेलं. राहिला नारळ.

भटक्या_बडोदेकर
फोटो माझाच. नाव घ्यायची हिंमत नव्हती वाटतं?
काका, उदाहरण तुम्हीच दिलंत. १९८४ ला मिळालं, २०१० ला नाव. सव्वीस वर्षं! कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतले वासुकीचे २७ मणके २००५ ला हाती आले, मगर समजून पडून राहिले, २०२४ ला जगाला कळलं की हा अकरा ते पंधरा मीटरचा साप. माझ्या शोकेसवर निदान रोज फडकं फिरतं.
आणि बालासिनोरची अंडी आधी दिसली कुठे? चुनखडीच्या खाणीत. सिमेंटच्या. किती अंडी पोत्यांत भरून पुलाच्या खांबांत गेली त्याचा हिशेब मागा की कुणाकडे. तिकडे तुमची झोप उडत नाही.

कॉलेजात_जिऑलॉजी_होतं
फोटो मोठा करून पाहिला. कवच कुठे आहे? अंडं असेल तर बाहेरून एक-दोन मिलिमीटरचा वेगळा थर दिसतो, भिंगाखाली त्यावर बारीक पुटकुळ्या असतात. हा चुनखडीचा गोटा वाटतो. लामेटाच्या, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या खडकांच्या, थरांत असे ढिगाने मिळतात. तुकड्याबद्दल फोटोवरून बोलणार नाही.

भटक्या_बडोदेकर
आले तज्ज्ञ.

रावपुऱ्याच्या_काकू
मला यातलं कळत नाही, पण एक विचारते. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम होता. नातू म्हणतो, आजी, हा अ‍ॅमोनाइट, जुना समुद्री प्राणी. मग दांडियाबाजारकर, तोही जमा करायचा का? "होता" म्हणते, कारण वाडा बिल्डरला दिला तेव्हा वाटण्यांत शाळिग्राम धाकट्या जावेने नेला. भांडी आम्हाला, देव त्यांना. मोठ्या सुनेकडे देव राहतात ही रीत, पण विचारतो कोण.

नित्यपूजा
काकू, क्षमा करा, पण शाळिग्रामाला प्राण्याचं हाड म्हणणाऱ्या नातवाला आवरा. आमच्याकडे पाच पिढ्या तुळस वाहतोय ती हाडावर नाही.

कॉलेजात_जिऑलॉजी_होतं
हाड कोण म्हणतंय? शंखाचा ठसा आहे तो. गंडकीच्या वरच्या अंगाला हिमालय उचलला गेला, त्याच्याबरोबर समुद्राचा तळही वर आला. तुम्ही ज्याला चक्र म्हणता ती त्या शंखाची वळी. यात देवाचं काय कमी होतं?

नित्यपूजा
कमी काही होत नाही. तुमच्या बोलण्यातला तो "फक्त" खटकतो.

कॉलेजात_जिऑलॉजी_होतं
"फक्त" मी लिहिलंच नाही! वर जाऊन वाचा.

नित्यपूजा
लिहिला नाही, ऐकू आला.

सेवउसळ_जादा_तर्री
मंडळी, धागा डायनासोरचा होता ना?

रावपुऱ्याच्या_काकू
डायनासोर कुठे जात नाहीत. माझा शाळिग्राम गेला आहे.

भटक्या_बडोदेकर
काकूंनी मुद्द्याचं विचारलं. बालासिनोरच्या राजकुमारींना एका घरी मसाला वाटायला घेतलेलं अंडं दिसलं, ही गोष्ट सगळ्या बडोद्याला पाठ आहे. मसाला वाटणारी बाई चालते, देवघर चालतं, माझी शोकेस तेवढी पाप? आणि ब्रूस फूट? गायकवाड सरकारने त्याला इथल्या भूगर्भाच्या पाहणीसाठी आणलं, १८९८ ला त्याचा ग्रंथ निघाला. दगडी हत्यारं मात्र तो हौसेनेच जमवायचा. तो ब्रिटिश संशोधक आणि मी चोर?

माहेर_ग्वाल्हेर
फूटच्या पुढची ओळ खाल्लीत, भाऊ. तो संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या संग्रहालयाने घेतला तो कशाच्या जोरावर? कुठलं हत्यार कुठल्या गावचं, याची यादी होती. तुमच्या गोळ्यामागे काय चिकटवलंय? किमतीचं लेबल?

भटक्या_बडोदेकर
रंगा राव! जम्मू-काश्मीरमधून त्यांनी आणलेले दगड त्यांच्या पश्चात पत्नीने जपले. एक कवटी चुकून फुटली आणि आत देवमाशासारखा कान निघाला. २००७ ला कळलं की कमाटीबागेतल्या संग्रहालयात टांगलेल्या आपल्या देवमाशाचे चुलत पूर्वज हरणासारखे, मांजराएवढे होते. जपले नसते तर?

कॉलेजात_जिऑलॉजी_होतं
रंगा राव स्वतः भूवैज्ञानिक होते हो. कुठल्या थरातले दगड, ते माहीत होतं, म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

दांडियाबाजारकर
सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. मीही उचललं आहे. कॉलेजच्या सहलीत, बालासिनोरकडेच, बोटभर हाड, रुमालात गुंडाळून. बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, सोबत चिठ्ठी: गाव, तारीख, ओढ्याचा कुठला काठ. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा डबा माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर उघडला तर चिठ्ठी कसरीने खाल्लेली. हाड घेऊन एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी हातातही न घेता विचारलं, "कुठलं?" म्हटलं, बालासिनोरकडचं. "बालासिनोरकडे कुठे? थरात रुतलेलं होतं की ओढ्यात सुटं?" मला आठवेना. ते माणूस म्हणून चांगले, चहा पाजला, आणि हाड माझ्या हातात परत दिलं. आता वर्तमानपत्रावर ठेवतो, पंख्याने उडू नये म्हणून.

सेवउसळ_जादा_तर्री
म्हणजे स्वतः करून झाल्यावर उपदेश.

दांडियाबाजारकर
हो. न करणाऱ्याला काय कळणार?

अकीकवाली
मी रतनपोरकडचे अकीक जमवते, पावागडचे दगडही आहेत. एकाच सुरात सगळ्यांना झोडपू नका. लाव्हाच्या पोकळीत भरलेली गार एक गेली तरी तशाच हजार असतात. हाडाचं तसं नाही, एवढं मानते. पण कायद्याचा धाक दाखवाल तर हसू येतं. भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा २०२२ ला आला, त्यात सगळे अधिकार एकाच खात्याकडे, म्हणून संशोधकच ओरडले.

नित्यपूजा
मी शाळिग्रामावर परत येतो.

सेवउसळ_जादा_तर्री
येणारच.

नित्यपूजा
पंचायतन बघा. विष्णू गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा दगड शोणेचा. ज्याची त्याची नदी ठरलेली. आजोबा पूजा सांगताना नद्यांची नावं घ्यायला लावायचे. दगड कुठून आला हे विसरायचं नाही, एवढं आम्हा "अंधश्रद्धाळूंना" माहीत होतं.

माहेर_ग्वाल्हेर
अंधश्रद्धाळू कुणीच म्हटलं नव्हतं. पण हे पटलं.

दांडियाबाजारकर
मलाही, नाइलाजाने. माझ्या डब्यापेक्षा यांच्या देवघराची नोंद पक्की.

भटक्या_बडोदेकर
नोंद माझ्याकडेही आहे. उचलण्याआधी जागेवरच फोटो काढला होता, लोकेशन फोनने स्वतः टाकलंय. त्याला कसर लागत नाही.

दांडियाबाजारकर
हे आधी बोलला असतात तर माझी झोप वाचली असती. पण मग ती जागा मेसेजमध्ये का वाटताय? रविवारी दहा गाड्या जातील तिथे.

भटक्या_बडोदेकर
गेल्या. तीन. शेतवाल्याचा आज सकाळी फोन आला, एरंड्यात गाडी घातली म्हणून शिव्या घातल्या. ती ओळ काढली आहे. त्याच्यासाठी काढली, तुमच्यासाठी नाही. आणि गोळा सोमवारी विद्यापीठाच्या जिऑलॉजी विभागात नेतोय. गोटा निघाला तर जिऑलॉजीवाल्यांना सेव उसळ माझ्याकडून.

कॉलेजात_जिऑलॉजी_होतं
तर्री जादा सांगून ठेवा. हाडाचा तुकडाही न्या, आणि तो जागेवरचा फोटो.

रावपुऱ्याच्या_काकू
गाडीत एक जागा असेल तर मलाही न्या. विद्यापीठापासून फतेगंज जवळच, जाऊबाई तिथेच राहतात.