थकबाकी डोक्यावर असताना परदेशी जावं का? अण्णांच्या दुबईवरून पेटलेला वाद

केळीबाग_यावल:
माझे मोठे काका, आम्ही अण्णा म्हणतो, लेकीकडे दुबईला महिनाभर निघालेत. व्हिसा आला, तिकीट झालं आणि आता त्यांची झोप उडाली. विकास सोसायटीचं पीककर्ज थकलंय, सातबाऱ्यावर बोजा आहे, मोटरसायकलची हेल्मेटची दोन ई-चलानं बाकी आहेत. पारावरच्या एका शहाण्यानं सांगितलं, मुंबई विमानतळावर आधार नंबर टाकला की सगळी कुंडली स्क्रीनवर येते आणि तिथूनच माघारी पाठवतात.

माझं मत स्पष्ट आहे: हे थोतांड आहे. इमिग्रेशनवाला पासपोर्ट बघतो, व्हिसा बघतो, नावावर लुकआउट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवायची सूचना, आहे का ते बघतो. त्याला सिबिल दिसत नाही, सातबारा तर नाहीच. कर्ज थकणं हा दिवाणी मामला. नुसतं फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच सांगितलंय. ऐपत असून बुडवत असेल तर गोष्ट वेगळी. हजारो कोटींवाले निघून गेले तेव्हा कुणाला पत्ता लागला नाही, आणि आमच्या अण्णांना सोसायटीच्या कर्जापायी घाम फुटतोय.

खान्देशी_पोऱ्या:
काहीच व्हस नही भाऊ. जाऊ द्या अण्णाले.

वसुली_अमळनेर:
मी पतसंस्थेत वसुली बघतो, त्यामुळे तुम्हाला आवडणार नाही असं बोलतो. “दिवाणी आहे, काही होत नाही” हे वाक्य ऐकून ऐकून लोक समन्स घ्यायचे बंद झाले. सोसायटीचं सोडा. अण्णांनी कुठं चेक दिलाय का? आपल्याकडे पतसंस्था कर्ज देताना कोरे चेक घेतात, जामीनदाराकडूनही घेतात. तो वटला नाही आणि नोटीस देऊनही पैसे आले नाहीत, की चेक न वटण्याचं कलम 138. ती फौजदारी केस आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. समन्स चुकवलं की वॉरंट. कर्ज दिवाणी, चेक फौजदारी, आणि लोक दोन्ही एकाच पिशवीत घालून गावभर फिरतात.

काळा_कोट_धुळे:
वसुलीवाल्यांशी सहसा माझं जमत नाही, पण इथं ते बरोबर आहेत. पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 नुसार फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मग कोर्टाची परवानगी आणावी लागते. अण्णांचा पासपोर्ट हातात आहे म्हणून आज अडणार नाही, पण नूतनीकरणाला अडू शकतं.

लुकआउटबद्दलही अर्धवट माहिती फिरते. 2018 मध्ये सरकारी बँकांच्या प्रमुखांना कर्जदाराविरुद्ध ते मागण्याचा अधिकार दिला होता. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. म्हणजे बँकेच्या साहेबाच्या मनात आलं आणि तुम्हाला विमानातून उतरवलं, असं चालणार नाही. पण कोर्टानं किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणानं स्वतः देश सोडायला मनाई केली असेल तर ती लागू राहते. गावची सोसायटी आणि जिल्हा बँक तर त्या यादीत कधी नव्हत्याच. सोसायटी सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन जमिनीपर्यंत येईल, विमानतळापर्यंत नाही.

केळीबाग_यावल:
मग माझंच म्हणणं खरं ना!

शिरपूरची_सून:
कायद्यानं खरं असेल. पण सोसायटी थकली की पुढच्या हंगामात नवीन कर्ज नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सचिव दारात येतो, त्याला “पुढच्या महिन्यात बघू” म्हणायचं आणि त्याच महिन्यात दुबईचे फोटो स्टेटसला टाकायचे? आमच्या सासऱ्यांनी असं कधी केलं नसतं.

केळीबाग_यावल:
ताई, तिकीट लेकीनं काढलंय. अण्णांनी एक रुपया घातलेला नाही. करप्यानं बाग गेली, भाव पडला, म्हणून कर्ज थकलं. थकबाकीदारानं नातवाचं तोंडही बघू नये, असा नियम कुणी केला?

शिरपूरची_सून:
नातू बघा हो. स्टेटस टाकू नका एवढंच म्हणते.

शारजा_चाळीसगाव:
तुम्ही सगळे मुंबईच्या खिडकीची चर्चा करताय. गंमत दुसऱ्या, इथल्या दुबई-शारजाच्या खिडकीवर असते. आमच्या खोलीतला एक जण इथल्या बँकेचं कर्ज आणि क्रेडिट कार्ड तसंच सोडून गावी परतला, वाटलं आता कोण विचारतंय. इथल्या कोर्टात केस आणि अटकेचा आदेश असेल तर परत आलेला माणूस उतरल्यावर इमिग्रेशनलाच अडकतो. इथं देशात असताना केस झाली तर देशाबाहेर जायला बंदी लागते, दहा हजार दिरहॅमच्या वरच्या कर्जाला धनको ती मागू शकतो. 2022 पासून चेक न वटण्याचं फौजदारी प्रकरण बऱ्याच अंशी सैल केलंय, तरी पैसे माफ झाले असं नाही. आणि गावी पळून सुटका होते हेही विसरा. जानेवारी 2020 च्या भारत सरकारच्या अधिसूचनेमुळे इथल्या कोर्टाचा हुकूमनामा जळगावच्या जिल्हा न्यायालयात नेऊन वसूल करता येतो.

अण्णांचं इथं काही देणं नसेल तर त्यांनी शांत झोपावं. फक्त व्हिसा संपायच्या आत निघा, नाहीतर रोजचे पन्नास दिरहॅम. पासपोर्ट ईसीआरचा असेल, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागणारा, दहावी नसलेल्यांचा, तर परतीचं तिकीट आणि लेकीचा पत्ता हातात ठेवा. नोकरीला चाललाय का, हा प्रश्न मुंबईला हमखास येतो. कर्जापेक्षा त्या प्रश्नाची तयारी करा.

मूळ_धुळ्याचा:
बारीक दंडाचं माझ्याकडून. इटलीत भाड्याच्या गाडीनं फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात शिरलो. तिथं त्या भागाच्या खास परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, पाटी इटालियनमध्ये, कॅमेऱ्यानं टिपलं. आधी गाडीवाल्या कंपनीनं पोलिसांना “माहिती दिल्याचा” आकार कार्डातून कापला आणि दंडाचं पत्र पुण्याच्या घरी कितीतरी महिन्यांनी आलं. ते वर्षभरानंही येऊ शकतं. मित्र म्हणाले, फाडून टाक. मी भरला. पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट होती, आणि खान्देशी माणूस सूट सोडत नाही.

खान्देशी_पोऱ्या:
मी तर फाडीच टाकतू.

वसुली_अमळनेर:
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. चेक दिलाय का?

केळीबाग_यावल:
आताच विचारलं. म्हणतात, सोसायटीला नाही. पण धाकट्या भावाला एका पतसंस्थेत जामीन राहिले होते तेव्हा दोन कोऱ्या चेकवर सह्या केल्या होत्या. भावानं कर्ज फेडलं की नाही, ते कुणीच विचारलेलं नाही.

काळा_कोट_धुळे:
ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाका. यावलचं कोर्ट बघा आणि पतसंस्थेची शाखा जिथं होती तिथलंही बघा. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत, वडिलांच्या नावासकट आणि त्याशिवायही. चलानं महाट्रॅफिकच्या ॲपवर दिसतील. ती विमान अडवणार नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं की समन्स येतं आणि गाडी विकताना आरटीओत अडतं. लोकअदालतीची वाट बघत बसू नका, भरून टाका.

केळीबाग_यावल:
यावलला काही निघालं नाही. शाखा भुसावळची होती. तिथं अण्णांच्याच नावाचे तिघं दिसताहेत, त्यातल्या एकावर 138 आहे.

वसुली_अमळनेर:
केस नंबर घ्या, उद्या भुसावळला कोर्टात जाऊन पत्ता ताडून बघा. तिकीट कधीचं आहे?