टोपाखाली उठलेले पुरळ: संशय चिकटपट्टीवर
टोप (विग) वापरू लागल्यापासून कपाळाच्या कडेने लाल पट्टा उठला असून खाज थांबत नाही, असे आपण लिहिले आहे. पट्टा नेमका टोप बसवणाऱ्या चिकटपट्टीच्या रुंदीचा असेल, तर माझा संशय केसांपेक्षा तिच्या गोंदातल्या ॲक्रिलेट या रसायनावर अधिक आहे. अशी ॲलर्जी बहुधा एक-दोन दिवस उशिरा दिसते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही झाले नाही एवढ्यावरून ती पट्टी निर्दोष ठरत नाही. सध्या टोप पूर्ण बंद ठेवावा. उरलेला चिकट थर नखाने खरवडू नये, हे मी कळकळीने सांगते; तेलात भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटे दाबून धरला की तो सैल होतो, मग कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने जागा धुवावी. त्यानंतर गार पाण्यात पिळलेले सुती कापड १०-१५ मिनिटे ठेवून वर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. पापण्या सुजल्या किंवा पुरळातून पाणी अथवा पू येऊ लागला, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. कशाची ॲलर्जी आहे हे पॅच टेस्टमधून, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर पट्टीने लावून केलेल्या तपासणीतून, कळू शकते. त्वचा पूर्ववत झाल्यावर आत मऊ सुती टोपी घालून, चिकटपट्टीशिवाय, प्रथम तासभरच टोप लावून पाहावा.