मदत हवी आहे: जुन्या सिनेमात दिसणारा हा कॉम्प्युटर कुठला?

नमस्कार मंडळी, मला एक विचित्र नाद आहे, सिनेमा बघताना हिरोपेक्षा त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे जास्त लक्ष जातं, घरचे वैतागलेत पण असो. सोपे ओळखता येतात, म्हणजे वॉरगेम्स (१९८३) मधल्या त्या पोराच्या खोलीत आयएमएसएआय ८०८० आहे, पुढच्या बाजूला लाल-निळ्या बटणांची रांग दिसली की संपला विषय, आणि जुरासिक पार्क (१९९३) मध्ये ती मुलगी 'हे युनिक्स आहे' म्हणते तो थ्रीडी स्क्रीन सगळ्यांना बनावट वाटतो पण तो सिलिकॉन ग्राफिक्सचा खराखुरा फाइल मॅनेजर होता!

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. ऐंशीच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमाची क्लिप मिळाली, नाव दिलेलं नाहीये, त्यात इन्स्पेक्टरच्या टेबलावर क्रीम रंगाचं मशीन आहे, कीबोर्ड बॉडीतच, वरच्या रांगेत लालसर फंक्शन की, लोगोवर चक्क कागद चिकटवलाय. मला बीबीसी मायक्रो (ब्रिटनचा घरगुती-शाळेतला कॉम्प्युटर) वाटतोय, पण १९८४ पासून आपल्या शाळांमध्ये क्लास प्रकल्पात (सरकारची शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायची योजना) हाच यायचा आणि एससीएल युनिकॉर्न नावाने इथेही बनायचा, मग हा मूळ ब्रिटिश की आपला युनिकॉर्न? नुसत्या बॉडीवरून फरक कळतो का? कोणी शाळेत वापरला असेल किंवा घरी माळ्यावर पडला असेल तर प्लीज मागच्या बाजूचा आणि लेबलचा फोटो टाका ना.