गर्दुल्ला: शब्द कुठून आला, कुणाला लागतो?

परवा दादरच्या पुलावर कोपऱ्यात पडलेल्या एका माणसाकडे बघून भाचीने विचारलं, "मामा, गर्दुल्ला म्हणजे गर्दीत राहणारा का?" नाही म्हणालो, पण पुढे काय सांगावं ते सुचेना. हा 'गर्द' नेमका कुठला? 'गर्द झाडी'तलाच का?

प्रतिसाद १
नाही. झाडीतला गर्द म्हणजे दाट. हा गर्द फारसीतला, अर्थ धूळ, भुकटी. मुंबईत १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर गल्लोगल्ली पोचली, तेव्हा तिला हे नाव पडलं. ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉईन, मूळ अफूचं. पन्नीवर भुकटी ठेवायची, खालून लायटर धरायचा आणि वर येणारा धूर नळीने आत घ्यायचा. म्हणून गर्द 'ओढतात', आणि ओढणारा तो गर्दुल्ला.

'अमली'चंही सांगतो. अंमल म्हणजे सत्ता. अंमलदार, अंमलबजावणी त्यातलेच. जो पदार्थ माणसावर सत्ता गाजवतो तो अमली. इतका नेमका शब्द दुसरा नाही.

प्रतिसाद २
एक शब्द राहिला: टर्की. इंग्रजी 'कोल्ड टर्की'तला, पण आता पक्का आपला झालाय. 'तलफ' वेगळी, ती तंबाखूचीही येते. गर्द थांबला की काही तासांत टर्की लागते. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडं ठणकणं, डोळ्याला डोळा न लागणं. आमच्या लालबागच्या चाळीतला एक मुलगा टर्कीत जिन्यावर गुडघे पोटाशी धरून बसायचा. आम्ही पोरं लांबून 'गर्दुल्ला, गर्दुल्ला' ओरडायचो. त्याची आई दार लोटून घ्यायची. तो आवाज अजून कानातून जात नाही.

हेही सगळ्यांना माहीत हवं: काही महिने सोडल्यावर शरीराची सवय मोडते. मग कुणी पुन्हा जुन्याच मापाने घेतला तर श्वास मंदावत थांबू शकतो. असे मृत्यू बरेचदा सोडल्यानंतरच होतात. नॅलोक्सोन हे अफूच्या कुळातल्या पदार्थांवरचं उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर अशा माणसाचा श्वास परत येऊ शकतो.

प्रतिसाद ३
आणि 'एमडी'? मेफेड्रोनचं हे नाव ऐकून डॉक्टरची पदवीच आठवते. 'म्याव म्याव' तर लाडाचं वाटतं. हे अफूच्या कुळातलं नाही. गर्द माणसाला गुंगवतो, एमडी जागवतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रात्र-रात्र झोप नाही, मग कुणीतरी पाठलाग करतंय असे भास. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५चा, पण मेफेड्रोन त्याच्या यादीत आलं २०१५ साली.

मला खुपतं ते असं: पुलाखालच्याला 'गर्दुल्ला' म्हणतो, पण पार्टीत एमडी घेणाऱ्यासाठी हिणवणारा शब्द आपण घडवलाच नाही. तो 'जरा ट्राय करतो'. दोघांच्या घरी आई सारखीच जागी असते.

मूळ प्रश्नकर्ता
म्हणजे शब्द पदार्थाला नाही, गरिबीला चिकटलाय. मग भाचीला काय सांगू? 'व्यसनी'ही टोचतोच.

प्रतिसाद २
पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 'रुग्णमित्र' म्हणतात. चाळीतल्या त्या मुलाला आम्ही कधी नावानेही हाक मारली नाही. तिला 'आजारी आहे तो' एवढं सांगितलंत तरी चालेल. आणि घरात कुणी अडकलं असेल त्यांच्यासाठी, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६.