मदत हवी आहे: दातांवरच्या पांढऱ्या डागांना पेप्टाइड लावावं का? शनिवारपर्यंत कळवायचंय

अबोली२२
नमस्कार. लेकीच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग आलेत. डॉक्टर म्हणतात ही किडीची सुरुवात आहे, ड्रिल न मारता पेप्टाइड लावून बघू. एका दाताचे ३ हजार, असे ४ दात. शनिवारी हो की नाही ते सांगायचंय. कुणी करून घेतलंय का? डाग खरंच जातात का? नेटवर वाचून वाचून डोकं दुखायला लागलंय, म्हणून लिंका नकोत. अनुभव सांगा.

तिखटमीठ
वय किती तिचं? दुधाचे दात की कायमचे? वरचे की खालचे? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

सह्यवाटा
पेप्टाइड म्हणजे कोलॅजनची पावडर ना? मी ६ महिने रोज सकाळी कोमट पाण्यातून घेतोय. गुडघे बरेच मोकळे झालेत, गड उतरताना फरक जाणवतो. जेवणाआधी घ्यायला सांगा.

तिखटमीठ
सह्यवाटा, ती पोटात घ्यायची. इथे दातावर लावायच्या औषधाबद्दल विचारलंय.

खेडवळ
ताई, आधी पाण्याचं सांगा. आमच्या यवतमाळकडे अशा पांढऱ्या चट्ट्यांची पोरं गावोगाव आहेत. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, दुसरं काही नाही. ती कीड नसतेच. माझ्या पुतण्याला उगाच दोन दात भरायला लावले होते.

अबोली२२
वय १४. कायमचेच दात, वरचे चार. पाणी नळाचं, बोअरचं नाही. कृपया पेप्टाइडबद्दल सांगा ना, वेळ कमी आहे.

खेडवळ
आत्ताचं पाणी नाही विचारलं मी. पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होतात ते पहिल्या चार-पाच वर्षांत. त्या वयात ती कुठे होती, कोणतं पाणी पीत होती?

अबोली२२
जन्मापासून नाशिकलाच. नळाचंच पाणी.

पाऊसवेडी
१२ हजार कशाला घालवताय? माझ्या मुलाला असेच डाग होते. आमच्या डॉक्टरांनी टूथ मूस दिलं, तेही पेप्टाइडच आहे. रात्री ब्रश झाल्यावर बोटाने दातांवर लावायचं, चूळ भरायची नाही, तसंच झोपायचं. ४-५ महिन्यांत डाग पुष्कळ फिके पडले. सरळ मागवा आणि सुरू करा.

पिंपळपान
मी दंतवैद्य आहे. दात न बघता निदान सांगणार नाही, पण दोन गोष्टींची इथे गल्लत होतेय. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आणि ते अनेक प्रकारचे असतात.

पाऊसवेडी म्हणतात ते सीपीपी-एसीपी. दुधातल्या केसिनपासून काढलेले पेप्टाइड कॅल्शियम आणि फॉस्फेट धरून ठेवतात आणि दाताजवळ सोडतात. ते मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधनातून आलं. अबोलीताईंचे डॉक्टर बहुधा पी११-४ बद्दल बोलत असावेत. ते ११ अमिनो आम्लांचं, प्रयोगशाळेत बनवलेलं पेप्टाइड आहे. लीड्स विद्यापीठात त्यावर काम झालं. डागाच्या आतल्या बारीक छिद्रांमध्ये हा द्रव उतरतो, तिथल्या आम्लतेमुळे त्याचे रेणू आपोआप जुळून तंतूंची जाळी तयार होते आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट त्या जाळीवर बसतं. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशी दात उगवला की संपतात, त्यामुळे शरीर ते पुन्हा बनवू शकत नाही. म्हणून ही जाळी बाहेरून पुरवायची.

हे खड्डा पडण्याआधीच चालतं. वरचा थर शाबूत आणि आतून खनिज निघून गेलेलं, अशा डागाला. खड्डा झाला असेल तर उपयोग नाही.

आता मला सांगा, मुलीला तारा होत्या का?

अबोली२२
हो, २ वर्षं होत्या. ३ आठवड्यांपूर्वी काढल्या, तेव्हाच डाग दिसले. ते लिहायचं राहिलंच. चौकोन चौकोन दिसतात, मधे दात चांगला आणि भोवती खडूसारखं पांढरं.

पिंपळपान
मग खेडवळ, फ्लोरोसिसची (जादा फ्लोराइडमुळे येणाऱ्या डागांची) शक्यता कमी. तो बहुधा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा आणि आडव्या रेघांसारखा पसरलेला असतो. ब्रॅकेटभोवती (तारेसाठी दातावर चिकटवतात त्या तुकड्याभोवती) चौकट धरून आलेले डाग तिथे साचलेल्या किटणाचे असतात.

खेडवळ
मान्य. तारांचं आधी कळलं असतं तर मी पाण्याचं विचारलंच नसतं.

केशरमाची
ही सगळी रसायनं कशाला? खोबरेल तेल सकाळी १५ मिनिटं तोंडात खुळखुळवा. माझ्या आजीचे ८० व्या वर्षी सगळे दात शाबूत होते. आणि फ्लोराइडची पेस्ट बंद करा, ते विष आहे. खेडवळ यांनी वर लिहिलंच आहे.

खेडवळ
मी विष लिहिलेलं नाही. पाण्यात प्रमाणाबाहेर असलं तर काय होतं ते लिहिलं. रोज पोटात जाणारं पाणी वेगळं आणि थुंकून टाकायची पेस्ट वेगळी.

पिंपळपान
केशरमाची, आजींच्या काळी दिवसभर बिस्किटं, सरबतं, चॉकलेटं चालत नव्हती. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं. फ्लोराइड बसलेलं खनिज ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. हाच त्याचा फायदा. तेलाने खुळखुळवायला माझी हरकत नाही, पण त्यापायी पेस्ट बंद करू नका.

केशरमाची
माझा अनुभव मी सांगितला. ज्याला पटेल त्याने करावं.

अबोली२२
पाऊसवेडी, धन्यवाद! कालच ते क्रीम मागवलं, आज आलंही. आज रात्रीपासून लावते.

तिखटमीठ
अबोलीताई, थांबा. पिंपळपान यांनी वर केसिन लिहिलंय. मुलीला दुधाची ॲलर्जी नाही ना?

अबोली२२
आहे! अगदी लहानपणापासून. पनीरचा तुकडा जरी गेला तरी ओठ सुजतात. पण हे तर दातांचं क्रीम आहे, यात दूध कुठून आलं?

पिंपळपान
उघडूही नका. त्यातला मुख्य घटक दुधाच्या प्रथिनापासूनच केलेला असतो. ट्यूबवरही बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, बघा. काही फ्लोराइड व्हार्निशमध्येही (दातावर लावतात त्या फ्लोराइडच्या लेपात) तो असतो, म्हणून शनिवारी काहीही लावायच्या आधी डॉक्टरांना हे सांगाच. पी११-४ दुधापासून बनत नाही.

सह्यवाटा
मलाही दूध पचत नाही, पोट बिघडतं. मी टूथ मूस लावलंय, काही झालं नाही.

तिखटमीठ
तुम्हाला दुधातली साखर पचत नसेल. तिला प्रथिनाची ॲलर्जी आहे, ओठ सुजतात म्हणाल्या ना त्या. कृपया असं सांगू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

पाऊसवेडी
अबोली, माझं चुकलं. विचारल्याशिवाय "सुरू करा" म्हणायला नको होतं. आमच्याकडे कुणाला ॲलर्जी नाही, त्यामुळे सुचलंच नाही.

अबोली२२
अहो, तुम्ही चांगल्या मनानेच सांगितलंत. मीच लिहिलं नव्हतं. ट्यूब परत पाठवतेय. पिंपळपान, आणखी एक. पी११-४ लावताना आधी ॲसिड लावतात असं वाचलं. आधीच कमकुवत दाताला ॲसिड?

पिंपळपान
हो. दात स्वच्छ करून ३५ टक्के फॉस्फोरिक आम्ल साधारण २० सेकंद लावतात आणि धुवून टाकतात. डागाची छिद्रं वरून बुजलेली असतात, ती उघडली नाहीत तर पेप्टाइड आत शिरणार कसं? मग थेंब सोडून काही मिनिटं थांबायचं. दुखत नाही.

माझं मत मात्र स्पष्ट सांगतो: चौदा वर्षांच्या मुलीच्या तारा निघून ३ आठवडेच झालेत, एवढ्यात घाई नको. तारा निघाल्या की लाळ तिथे पोचते, ब्रश नीट फिरतो आणि पुढच्या काही महिन्यांत बरेच डाग आपोआप फिके होतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८ च्या शिफारशींतही अशा डागांसाठी भर फ्लोराइड व्हार्निश आणि जेलवर आहे. पी११-४ चे निकाल आशादायक आहेत आणि मी ते वापरतो, पण फ्लोराइडच्या जोडीने. आणि डाग घट्ट होणं वेगळं, दिसेनासा होणं वेगळं. फक्त दिसण्याचा प्रश्न उरला तर नंतर डागात रेझिन (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं पातळ द्रव्य) भरून घेता येतं.

शनिवारी दोनच गोष्टी विचारा. डाग वाळवल्यावरच दिसतो की ओला असतानाही? आणि पृष्ठभाग चकचकीत आहे की खरखरीत? ओला असतानाही दिसत असेल तर तो जास्त खोल आहे. खरखरीत असेल तर कीड अजून चालू आहे. टोकदार हत्याराने मात्र टोचू देऊ नका, वरचा थर फुटतो.

अबोली२२ (रविवारी)
काल जाऊन आलो. डाग खरखरीत आहेत आणि ओले असतानाही दिसतात, पण खड्डा कुठेच नाही. ॲलर्जीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी व्हार्निशची बाटली बदलून दुसरी घेतली! चारही दातांना व्हार्निश लावलं. ३ महिन्यांनी फोटो काढून बघायचं, पेप्टाइडचं तेव्हा ठरवू. लेक दोन दिवस बोलत नव्हती, हसायचीच नाही. काल येताना स्वतःच नवा मऊ ब्रश घेतला तिने.

रानजाई
धागा आत्ता वाचला. माझ्या मुलाच्या दाढेत काळं दिसतंय आणि घास अडकतो. त्याला हे पेप्टाइड चालेल का?

तिखटमीठ
वय किती? दुधाची दाढ की कायमची?