‘साइडलाइन’ झालेला खेळाडू : बाजूला सारलेला की कडेला थांबलेला?

प्रश्न :
अमेरिकी फुटबॉलवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. लेख मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा व चेंडू फेकणारा खेळाडू, जे. जे. मॅकार्थी याच्याविषयी आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये संघाने त्याला नवोदितांच्या निवडीत दहाव्या क्रमांकावर घेतले. ऑगस्टमध्ये हंगामापूर्वीच्या एका सराव सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यातील मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील कूर्चेची गादी, फाटली आणि एकही अधिकृत सामना न खेळता त्याचा पहिला हंगाम संपला. त्या काळात तो ‘साइडलाइन’वर होता आणि तिथून शिकला, असे मूळ लेखात वारंवार येते. पहिल्या मसुद्यात मी ‘मॅकार्थी साइडलाइन झाला’ असे लिहिले, तेव्हा तो वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले, ‘प्रशिक्षकाशी बिनसले होते का?’ येथे कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद :
आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे. मराठीत हा शब्द रुळला तो मुख्यतः राजकीय बातम्यांमधून. ‘अमुक नेत्याला पक्षाने साइडलाइन केले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणीतरी मुद्दाम डावलले आहे, हे त्यात गृहीत असते. इंग्रजी क्रीडावृत्तांत मात्र दुखापतीने खेळता न येणे एवढाच अर्थ पुष्कळदा असतो. तिथे डावलणारा कोणी नसतो, गुडघा असतो. म्हणून आपल्या वाक्यात ‘मैदानाबाहेर’ हा शब्द पुरेसा आहे. ‘संघाबाहेर’ लिहू नये, कारण त्यातून वगळल्याचा बोध होतो. ‘राखीव’ तर अधिकच फसवा आहे. तिकडील जायबंदी खेळाडूंच्या यादीच्या नावात ‘राखीव’ या अर्थाचा शब्द असला, तरी आपल्याकडे राखीव गडी म्हणजे हाक मारताच मैदानात उतरणारा. या यादीतल्या खेळाडूला किमान चार सामने उतरताच येत नाही.

‘शिकला’ या क्रियेसाठी मी ‘उमेदवारी’ हा शब्द सुचवीन. निवडणुकीने तो जवळजवळ गिळून टाकला आहे; पण वकिलाकडे, छापखान्यात किंवा सोनाराच्या पेढीवर ‘उमेदवारी करणे’ म्हणजे जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकणे, हा अर्थ अजून मेलेला नाही. त्या हंगामात क्वार्टरबॅक म्हणून सॅम डार्नोल्ड खेळत होता, संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले आणि नवखा मॅकार्थी ते पाहत होता. याला उमेदवारी म्हणणे मला शोभून दिसते.

दुसरा प्रतिसाद :
‘मैदानाबाहेर’ मान्य आहे. ‘उमेदवारी’विषयी माझा मतभेद आहे. उमेदवाराचे हात चालत असतात. तो खिळे जुळवतो, भाता ओढतो, चुकतो आणि बोलणी खातो. जायबंदी क्वार्टरबॅकला नेमके तेच करता येत नाही. हे शिकणे कसे असते, ते आधी पाहावे. दोन चालींच्या मध्ये साधारणतः ४० सेकंदांची मुदत असते. प्रशिक्षक पुढची चाल क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील ध्वनियंत्रावर सांगतो आणि मुदतीचे १५ सेकंद उरले की ते यंत्र बंद पडते. त्यापुढे समोरचा बचाव वाचून, गरज भासल्यास चाल बदलून, चेंडू कोणाकडे टाकायचा हे त्याचे त्यानेच ठरवायचे. कडेला उभा असलेला खेळाडू हाच निर्णय चेंडूविना मनात घेतो आणि मैदानात प्रत्यक्ष काय घडले त्याच्याशी ताडून पाहतो. त्यांच्या बोलीत याला ‘मेंटल रेप्स’ म्हणतात. ‘मानसिक सराव’ हे भाषांतर मला मानसोपचाराच्या पत्रकासारखे वाटते. आपल्याकडे फुले-गंध हाताशी नसताना मनानेच केलेल्या पूजेला मानसपूजा म्हणतात. त्याच धर्तीवर ‘मानस-आवर्तने’ का म्हणू नये? आवर्तन या शब्दात पुन्हापुन्हा करणे आहे आणि तालाचे भानही आहे.

तुलनाच हवी असेल, तर मैफलीत गुरूमागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य जवळचा आहे. अर्थात त्यालाही गुरू मधूनच एखादी जागा घ्यायला सांगतात; जायबंदी गड्याला तेवढीही मुभा नाही. ओघात आणखी एक सांगतो : ‘रिहॅब’साठी, म्हणजे दुखापतीनंतर अवयव पूर्ववत करण्याच्या उपचारांसाठी, ‘पुनर्वसन’ लिहू नये. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने धरणग्रस्तांचे गाव उभे राहते, गुडघा नव्हे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
दोघांचाही आभारी आहे. ‘उमेदवारी’ हा शब्द मोहात पाडणारा आहे. परंतु हात चालण्याचा आक्षेप मला पटला. ‘मानस-आवर्तने’ पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडून वापरीन. लेखाचा शेवट ८ सप्टेंबर २०२५ च्या सामन्यावर आहे. शिकागो बेअर्सविरुद्धच्या या पहिल्या अधिकृत सामन्यात तिसऱ्या सत्रात मॅकार्थीचा एक चेंडू प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडून थेट टचडाउन केले, म्हणजे तो गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. शेवटचे सत्र सुरू होताना व्हायकिंग्ज ६–१७ असे मागे होते आणि तरीही त्यांनी सामना २७–२४ असा जिंकला. अडलेले वाक्य आता असे केले आहे : ‘गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मॅकार्थी हंगामभर मैदानाबाहेर होता, मात्र दुसरा खेळत असलेली प्रत्येक चाल तो कडेला उभा राहून मनात खेळत होता.’ यात ‘साइडलाइन’ हा शब्द कुठेच उरला नाही, हे मला वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आले.

दुसरा प्रतिसाद, पुरवणी :
‘कडेला उभा राहून’ याऐवजी ‘काठावर उभा राहून’ करण्याचा मोह झाल्यास तो टाळावा. काठावरचा विद्यार्थी आपल्याकडे ३५ गुणांचा असतो.