बी-१ करार: खोदकाम १२५ टक्क्यांपुढे चाललंय, मुदतही संपतेय. क्लॉज ३८ आणि मुदतवाढ कशी मांडायची?

नालीकाठ (प्रश्न)

नागपूर शहरातलं पावसाळी नालीचं आणि लगतच्या रस्त्याचं काम आहे. बी-१ निविदा (सार्वजनिक बांधकाम विभागाचा टक्केवारी दराचा करारनमुना), अंदाजित किंमत ८४,६०,००० रुपये, मंजूर दर ११.२ टक्के कमी, मुदत ९ महिने, मार्चअखेर संपते. खोदकाम शेड्यूल-बीमध्ये (निविदेतली बाबी, प्रमाण आणि दरांची यादी) १,२०० घ.मी., दर २१० रुपये. साठ टक्के लांबीतच १,३१० घ.मी. झालं. काळी माती अंदाजपत्रकात धरली होती त्याहून खोल निघाली, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. काम पूर्ण होईस्तोवर २,१५० घ.मी. होईल. विभागाच्या चालू दरसूचीत याच बाबीचा दर २४८ आहे.

ठेकेदाराने ४३ दिवस मुदतवाढ मागितली आहे. जलवाहिनी हलवण्यात २५ नोव्हेंबर ते २० डिसेंबर असे २६ दिवस गेले आणि हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे ६ ते २२ डिसेंबर असे १७ दिवस खोदकाम बंद होतं.

प्रमाण १२५ टक्क्यांपुढे गेलं की क्लॉज ३८ प्रमाणे मिळणारा नवा दर सगळ्या वाढीव प्रमाणाला लागतो की काही भागालाच? आणि मुदतवाढीचा प्रस्ताव अंतिम देयकासोबत पाठवला तर चालतो का?

मोजमाप_पुस्तिका

नवा दर फक्त १२५ टक्क्यांपुढच्या प्रमाणाला. १,२०० ची सव्वापट १,५००. तिथवर निविदेचाच दर, म्हणजे २१० मधून ११.२ टक्के वजा, १८६.४८ रुपये. त्यापुढच्या ६५० घ.मी.ना क्लॉज ३८ लागतो. याच क्लॉजमध्ये दुसरी अट आहे, तीही पाहून घ्या: मर्यादेपुढच्या प्रमाणाची निविदा दराने किंमत ५,००० रुपयांच्या वर असावी लागते. इथे ती लाखाच्या पुढे जाते, त्यामुळे प्रश्न नाही.

दर असा निघेल: चालू दरसूचीचा २४८, त्यावर निविदेची तीच ११.२ टक्के घट, म्हणजे २२०.२२ रुपये. फरक प्रति घ.मी. ३३.७४, आणि ६५० घ.मी.वर सुमारे २१,९३४ रुपये. ठेकेदार कधीकधी चालू दरसूचीचा पूर्ण दर मागतो, तो देय नाही. उलट बाजूने, कार्यालयातून कुणी "जुन्याच दराने देऊन टाका" म्हणत असेल तर तेही करारात बसत नाही. घटीची टक्केवारी जीएसटी धरून आलेल्या रकमेवर लावू नका. आधी बाबीचा दर, मग कर.

रक्कम छोटीच आहे. पण मंजुरी नसली तर अंतिम देयक याच २२ हजारांपायी अडकून बसतं. तुमच्याकडे आत्ता १,३१० झालेत, १,५०० व्हायला १९० घ.मी. बाकी आहेत. क्लॉज ३८ मध्ये "अभियंत्याने लेखी आदेश दिल्यास" असे शब्द आहेत. तो लेखी आदेश १,५०० ओलांडायच्या आत निघाला पाहिजे. नंतरच्या तारखेचा आदेश लेखापरीक्षणात पहिल्याच पानावर दिसतो.

एक्सेस-सेव्हिंग विवरणपत्र (कुठल्या बाबीत वाढ, कुठल्या बाबीत बचत) सगळ्या बाबींचं करा, एकट्या खोदकामाचं नको. दुसऱ्या बाबींत बचत असेल तर एकूण खर्च प्रशासकीय मान्यतेत बसेल. एकूण वाढ १० टक्क्यांच्या वर जात असेल तर सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव आत्ताच हलवा, त्याला वेळ लागतो.

काळीमाती

दराआधी प्रमाण सिद्ध करा जी. उरलेल्या ४० टक्के लांबीत पोकलेन लागण्यापूर्वी जमिनीच्या मूळ पातळ्या घ्या: दर १० मीटरला आणि प्रत्येक वळणावर, ठेकेदाराच्या प्रतिनिधीसमोर, कायम बेंचमार्कवरून (पातळी माहीत असलेल्या खुणेवरून). लेव्हल बुकवर त्याच दिवशी दोघांच्या सह्या. खोदून झाल्यावर तळाच्या पातळ्या पुन्हा, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) टाकायच्या आधी. एकदा काँक्रीट पडलं की खोली कुणालाच दाखवता येत नाही.

थराचं वर्गीकरणही संयुक्त पंचनाम्याने: माती किती, कठीण मुरूम किती. सरासरी खोली धरून एका ओळीत मोजमाप लिहिलं की तिथेच आक्षेप येतो. साखळीनिहाय (लांबीवरच्या अंतराप्रमाणे) छेद काढा.

काळ्या मातीत आणखी एक घोळ होतो. ओली झाली की बाजू ढासळते आणि ठेकेदार ढासळलेली मातीही मोजायला सांगतो. मोजमाप नकाशातल्या छेदाप्रमाणे आणि तपशिलात दिलेल्या कामाच्या जागेपुरतंच. ढासळलेला भाग देय नाही, उतार वाढवायचा लेखी आदेश आधी दिला असेल तरच. तुमच्या १,३१० मध्ये असा भाग शिरलाय का, ते क्लॉज ३८ लावण्याआधी तपासा. शिरला असेल तर २,१५० चा आकडाही खाली येईल.

लेखाशाखा

मुदतवाढ अंतिम देयकासोबत नको. क्लॉज ६ प्रमाणे ठेकेदाराचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मुदत संपण्यापूर्वी, जे आधी असेल तेव्हा यायला हवा. पहिल्या अडथळ्याचा अर्ज २५ डिसेंबरच्या आत आलाय का, आवक क्रमांक आणि तारीख पाहा. उशिरा आला असेल तर टिपणीत ते स्पष्ट लिहा. लपवलं तर पुढे वर सही करणारा अडचणीत येतो.

४३ दिवस चुकीचे आहेत. ६ ते २० डिसेंबर हे १५ दिवस दोन्ही अडथळ्यांत मोजले गेलेत. २६ अधिक १७ वजा १५, म्हणजे २८ दिवस. तेही पूर्ण लांबी बंद होती असं धरून. जलवाहिनी एकाच टोकाला होती आणि दुसऱ्या टोकाला काम चालू असेल, तर त्या काळाचे दिवस आणखी कमी होतात. हे सगळं अडथळा नोंदवहीतून दिसलं पाहिजे: सुरुवात, शेवट, कारण, कोणती साखळी, कोणत्या पत्राने कळवलं.

वाढीव खोदकामाचे दिवस वेगळे. क्लॉज १४ प्रमाणे जादा कामाची किंमत मूळ करार किमतीच्या ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात मुदत वाढते. तुमचं ९५० घ.मी. जादा म्हणजे साधारण १.९९ लाख, करार ७५.१२ लाखांचा. २७० दिवसांवर सात दिवस येतात.

मंजुरीला उशीर होणार असेल तर मार्च संपण्याच्या आत, भरपाई आकारण्याचा हक्क राखून, तात्पुरती मुदतवाढ द्या. मुदत संपल्यावर काहीही न लिहिता काम करून घेतलं, तर भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ५५ आडवं येतं. उशिराचं काम स्वीकारताना नोटीस दिली नसेल तर उशिरापोटी भरपाई मागता येत नाही. क्लॉज २ ची उशिराबद्दलची भरपाई अंदाजित किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८,४६,००० पर्यंत जाऊ शकते. एवढा हक्क एका पत्राअभावी घालवू नये.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: बँक हमीची मुदत. काम लांबलं की सुरक्षा ठेवीची हमीही लांबवून घ्यायची. अंदाजापेक्षा कमी दराने निविदा भरल्याबद्दलची अतिरिक्त ठेवही बघा. निविदेत १० टक्क्यांपर्यंत एक टक्का आणि पुढे प्रत्येक टक्क्याला एक अशी अट असेल तर तुमच्या ११.२ ला २.२ टक्के, १,८६,१२० रुपये. हमीची खातरजमा देणाऱ्या शाखेकडून थेट पत्राने करा, ठेकेदाराच्या हाती आलेल्या पत्रावर विसंबू नका. विमाही नव्या तारखेपर्यंत वाढवून घ्या.

नालीकाठ

२८ अधिक ७ अशीच मांडणी करतो. १,३१० मध्ये दोन साखळ्यांत ढासळलेली माती मोजली गेलीय, ती काढतो. एक राहिलं: खोल गेलेल्या भागात तळाला मुरूम भरून दाबावा लागतोय, ती बाब निविदेतच नाही.

मोजमाप_पुस्तिका

ती क्लॉज ३८ मध्ये येत नाही, क्लॉज १४ ची जादा बाब. ईआयआरएल (जादा बाबींची दरयादी) वेगळी करा. दरसूचीत दर असेल तर तो, किंवा दोघांनी ठरवलेला, यांतला कमी. दरसूचीत नसेल तर लेखी आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत ठेकेदाराने आपला दर कळवायचा असतो. ते पत्र घेतल्याशिवाय मुरमाचा पहिला टिप्पर उतरवू देऊ नका. भरावाच्या दर थराची जाडी आणि घनता चाचणी मोजमापाच्याच पानाला जोडा. आणि खोदकामाची तळपातळी हीच भरावाची सुरुवातीची पातळी असली पाहिजे. दोन्हीकडे आकडे वेगळे निघाले तर दोन्ही बाबी परत येतात.